हमीचे काम आणि विक्रेत्याचे बिल

गेल्या वर्षी मृग निघण्यास आठ-दहा दिवस उरले असता आमचे एक सभासद हाती कागद घेऊन आमच्या कचेरीत आले. तो त्यांच्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा हिशेब होता. ट्रॅक्टर घेऊन चौदा महिने झाले होते व मीटरवर ९१० तास चढले होते. वळवाचा पाऊस पडून रान वाफशावर आले, रोटाव्हेटर जोडून काम सुरू झाले, आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्ट उचलेनाशी झाली. कंपनीची हमी दोन वर्षे अथवा दोन हजार तास, ह्यांपैकी जे आधी पुरे होईल तेथवरची होती. म्हणजे कोणत्याही मापाने पाहिले तरी मुदत शिल्लक होती. असे असता विक्रेत्याने ७,३५० रुपयांचे बिल पुढे केले. त्यात सील व रिंगांच्या संचाचे २,१५० रुपये, मजुरीचे १,८०० रुपये व तेलाचे ३,४०० रुपये अशी फोड होती.

सभासदांनी विचारले, "हमी असता हे पैसे कसले?" त्यांस उत्तर मिळाले, "सील हा झिजणारा भाग आहे, तो हमीत बसत नाही. ट्रॅक्टर न्यायचा असेल तर बिल भरा." वाफसा कोणासाठी थांबत नाही. त्यांनी शेजाऱ्याकडून हातउसने घेऊन बिल भरले आणि ट्रॅक्टर घरी नेला.

ही हकीकत ऐकून आम्ही आणखी काही सभासदांस विचारले, तेव्हा अशाच तऱ्हेच्या गोष्टी बाहेर आल्या. कोणी पिकअपच्या स्टिअरिंगसाठी पैसे भरले होते, कोणी मोटारसायकलच्या तारांसाठी. बहुतेकांचे म्हणणे एकच: "दोन-चार हजारांसाठी कोण भांडत बसणार?" आम्ही येथे कोणत्याही विक्रेत्याचे वा कंपनीचे नाव देत नाही. कोणाची बदनामी करावी हा ह्या लेखाचा हेतू नव्हे. परंतु शेतकऱ्याने ज्याची किंमत ट्रॅक्टर घेतानाच चुकती केली आहे, त्याच कामाचे पैसे त्याजकडून पुन्हा घेतले जात असतील, तर ती गोष्ट उघड करून सांगणे व तिजवरील उपाय दाखवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

हमी, मोफत सर्व्हिस आणि रिकॉल

प्रथम तीन गोष्टींतील भेद ध्यानी घेतला पाहिजे, कारण ह्या तिन्हींची सरमिसळ झाली की बिलास वाट मिळते.

हमी, म्हणजे ज्यास आपण वॉरंटी म्हणतो, ती निर्मात्याने दिलेली कबुली होय. ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक तासांत मालाच्या वा बनावटीच्या दोषाने एखादा भाग निकामी झाला, तर तो आपण विनामूल्य दुरुस्त करू अथवा बदलून देऊ, असे तीत लिहिलेले असते. ही कबुली कोणी उपकार म्हणून देत नाही. यंत्राच्या किमतीत तिचा खर्च धरलेला असतो. तिच्या अटी यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. खेदाची गोष्ट ही की, ती पुस्तिका बहुतेक घरी पिशवीतून बाहेरही निघत नाही.

मोफत सर्व्हिस ही निराळी बाब आहे. सर्व्हिस बुकातील कूपनावर जे काम होते त्यात बहुधा केवळ मजुरी माफ असते. तेल, गाळण्या व तत्सम वस्तूंचे पैसे मालकास द्यावे लागतात. हे पैसे विक्रेत्याने मागितले तर त्यात त्याची लबाडी नाही.

तिसरी बाब परत बोलावणीची, जीस सर्वत्र रिकॉल म्हणतात. एका साच्यातून निघालेल्या हजारो वाहनांत एकच धोकादायक दोष आहे असे आढळले, म्हणजे निर्माता ती वाहने परत बोलावून तो दोष आपल्या खर्चाने दूर करतो. तुमचे वाहन बिघडले आहे की नाही हा प्रश्न येथे नसतो, व हमीची मुदत संपली की राहिली ह्याच्याशीही त्याचा संबंध नसतो. दोष जन्माचाच आहे. सबब तो दूर करण्याचा खर्च जन्मदात्याचा.

विक्रेत्यास त्याचा पैसा मिळतो

आता कोणी म्हणेल की, विक्रेत्याने तरी आपल्या पदरचे काम फुकट का करावे? प्रश्न योग्य आहे. परंतु हमीचे काम विक्रेता आपल्या पदरचे करीत नसतो. त्याने बदललेल्या भागाची किंमत व मजुरी त्यास निर्मात्याकडून, बहुधा जमापत्राच्या रूपाने, भरून मिळते.

ही गोष्ट न्यायालयांच्या निकालांतही नमूद आहे. उत्तर प्रदेशातील मोटारींच्या एका विक्रेत्याचा विक्रीकराचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. हमीखाली बदलून दिलेल्या भागांबद्दल विक्रेत्यास निर्मात्याकडून जी रक्कम मिळते तीवर कर लागतो की नाही, हा त्यातील मुद्दा होता. विक्रेत्याने भाग दिला, निर्मात्याने त्याची किंमत चुकवली, सबब कर लागतो, असा न्यायालयाने निकाल दिला. आणि २०२३ साली हाच प्रश्न पुन्हा निघाला असता तोच सिद्धान्त कायम केला. आपणास कराशी कर्तव्य नाही. आपण घ्यावयाचा बोध एवढाच की, हमीच्या भागाचा पैसा विक्रेत्यास मिळतो हे स्वतः विक्रेते व निर्माते ह्यांच्याच खटल्यांतून सिद्ध आहे.

मग तो ग्राहकाकडे हात का पसरतो? कारणे व्यवहारातील आहेत. हमीच्या कामाच्या मजुरीचा दर निर्माता ठरवतो, आणि तो रोकड ग्राहकाकडून मिळणाऱ्या दराहून पुष्कळदा कमी असतो. कागदपत्रांत उणीव राहिली, निकामी भाग वेळेवर परत पाठवला नाही, किंवा बिघाडाचे कारण नीट लिहिले नाही, तर निर्माता मागणी नाकारतो आणि तोटा विक्रेत्याच्या माथी बसतो. पैसा मिळण्यास विलंबही लागतो. अशा वेळी पुढ्यात उभा असलेला, कामाच्या घाईत असलेला, पुस्तिका न वाचलेला शेतकरी त्यास सोपा वाटतो. काही ठिकाणी तर ग्राहकाकडूनही घ्यावे व निर्मात्याकडूनही घ्यावे असा दुहेरी व्यवहार होतो. हे मात्र कुंपणानेच शेत खाण्यासारखे झाले.

ह्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, आपल्या भागात प्रामाणिक विक्रेतेही आहेत. हंगामात रात्री शेतावर येऊन विनामूल्य काम करून गेलेले मेकॅनिक आम्ही पाहिले आहेत. अशांचे नाव राहावे म्हणूनही लबाडीचा व्यवहार उघड होणे इष्ट आहे.

बिलात रक्कम कोणत्या वाटांनी शिरते

आमच्यासमोर आलेली बिले पाहता पुढील सहा वाटा दिसतात. प्रत्येकीत खरे किती व खोटे किती हे निवडता आले पाहिजे.

पहिली वाट झिजेची. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, पंख्याचा पट्टा असे वापराने झिजणारे भाग हमीत बहुधा नसतात, हे खरे. परंतु कोणते भाग झिजेचे, ह्याची यादी पुस्तिकेत असते; ती मेकॅनिकच्या जिभेवर नसते. जो भाग यादीत नाही तो केवळ "झिजतो" म्हणून हमीबाहेर जात नाही. टायर, बॅटरी व काही यंत्रांत डिझेलचा पंप ह्यांची हमी ते भाग बनवणाऱ्या निराळ्या कंपनीची असू शकते. तेव्हा तीही पाहावी.

दुसरी वाट मजुरीची. "भाग फुकट, मजुरी तुमची" असे सांगतात. पुस्तिकेत मजुरीसह दुरुस्तीची कबुली असेल तर असा भेद करण्याचा विक्रेत्यास अधिकार नाही. हायड्रॉलिक वा गिअरबॉक्स उघडण्याच्या कामात मजुरी भागाच्या किमतीच्या बरोबरीची होऊ शकते. अशा स्थितीत मजुरी वगळलेली हमी ही अर्धीच हमी होय.

तिसरी वाट तपासणीची. बिघाड शोधण्यासाठी घेतलेले पैसे, दोष हमीतील निघाला असता, परत मिळावयास हवेत. तपासणीपूर्वीच ही गोष्ट कागदावर लिहून घ्यावी.

चौथी वाट तेलाची. ही बाब थोडी नाजूक आहे. पुष्कळ पुस्तिकांत तेल, ग्रीस, कूलंट ह्या वस्तू हमीबाहेर ठेवलेल्या असतात, आणि तसे असेल तर तेलाचे पैसे द्यावे लागतील. परंतु काल भरलेले तेल आज दोषाच्या भागामुळे काढून टाकावे लागले, तर त्याची भरपाई मागण्यास हरकत नाही. निर्मात्याकडे लिहिल्यास ती मान्य होण्याचा संभव असतो.

पाचवी वाट कराची. "भाग कंपनीचा, फक्त जीएसटी तुमचा," असे म्हणून काहीशे रुपये घेतले जातात. ह्याविषयी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ जुलै २०२३ रोजी परिपत्रक काढून खुलासा केला आहे. हमीच्या मुदतीत ग्राहकाकडून काहीही मोबदला न घेता भाग बदलून दिला, तर त्यावर ग्राहकाने निराळा जीएसटी देण्याचे कारण नाही. मूळ किमतीत हमीचा खर्च धरलेला असून त्यावरील कर पूर्वीच भरला गेला आहे. हे परिपत्रक ध्यानी ठेवावे. त्याचा उल्लेख केल्यावर पुष्कळदा वाद तेथेच मिटतो.

सहावी वाट हेळसांडीच्या आरोपाची. डिझेलात पाणी होते, तेल बाहेरचे घातले, सर्व्हिस चुकवली, ट्रॉली ओव्हरलोड ओढली, असे सांगून हमी नाकारतात. ह्यांपैकी एखादी गोष्ट खरी असेल तर ती मान्य करावी. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे आम्हांस संमत नाही. परंतु ती चूक आणि हा बिघाड ह्यांचा संबंध काय, हे लेखी मागावे. सर्व्हिस पंधरा दिवस उशिरा झाली म्हणून दिव्याची वायरिंग जळाली असे कोणी म्हणू लागला, तर त्याने ते कागदावर लिहून सही करावी. सही मागताच असे पुष्कळ आरोप मागे घेतले जातात.

रिकॉलचे पैसे घेणे हे अधिक वाईट

हमीच्या कामाचे खोटे बिल हे खिशाचे नुकसान आहे. रिकॉलच्या कामाचे खोटे बिल जिवाशी खेळ ठरू शकते. पैसे पडतात असे कळले म्हणजे लोक वाहन नेण्याचे टाळतात, आणि जो दोष दूर व्हावयाचा तो रस्त्यावर तसाच फिरत राहतो. ह्याच कारणासाठी ज्या देशांनी हा विषय प्रथम हाती घेतला त्यांनी विनामूल्य दुरुस्तीचा आग्रह धरला. अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा १९६६ साली झाला. परंतु दोष कळवणे सक्तीचे असूनही तो फुकट दूर करून देण्याची सक्ती त्यात नव्हती. ती १९७४ च्या दुरुस्तीने आली. पुढे २०१५ साली ह्या विनामूल्य दुरुस्तीची मर्यादा वाहन विकत घेतल्यापासून पंधरा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली.

दोष दडून राहिला तर काय होते ह्याचे उदाहरण टकाटा ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचे आहे. त्यांतील वायू निर्माण करणाऱ्या डब्यात अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने ते बिघडे, आणि अपघाताच्या क्षणी पिशवी फुगण्याऐवजी धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे चालकाच्या अंगात घुसत. जगात अनेक माणसे ह्याने दगावली, कोट्यवधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या, व कंपनीने २०१७ साली दिवाळे जाहीर केले. भारतातही काही निर्मात्यांनी ह्या कारणासाठी मोटारी परत बोलावून डबे विनामूल्य बदलून दिले. अमेरिकेत उष्ण व दमट किनारी प्रांतांतील मोटारींस अग्रक्रम देण्यात आला होता. आमच्या कोकणातील व गोव्यातील ज्या वाचकांनी जुनी मोटार दुसऱ्या हाताने घेतली आहे, त्यांनी ह्या गोष्टीचा विशेष विचार करावा; कारण रिकॉलचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊन तेथेच पडून राहिलेले असू शकते.

आपल्या देशात मोटार-निर्मात्यांच्या संघाने जुलै २०१२ पासून स्वेच्छेने रिकॉल करण्याचे नियम अमलात आणले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ घालण्यात आले, व ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ट्रॅक्टर हेही कायद्याच्या व्याख्येने मोटार वाहनच आहे. ह्या कलमान्वये, ज्या दोषामुळे चालकास, आतील माणसांस, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास अपाय होण्याचा संभव आहे, अशा दोषाची वाहने परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकार देऊ शकते. असा हुकूम झाल्यास निर्मात्याने वाहनाची किंमत परत करावी, अथवा ते बदलून द्यावे किंवा दुरुस्त करून द्यावे, व दंडही भरावा, अशी तजवीज आहे. निर्मात्याने दोष आपण होऊन कळवून वाहने परत बोलावली तर त्यास दंड होत नाही. काहीही झाले तरी दोष काढण्याचा भार निर्मात्याच्या शिरावर आहे, वाहनमालकाच्या नव्हे.

आपल्या वाहनावर रिकॉल आहे की नाही हे पाहण्यासाठी नोंदणी पुस्तकावरील चेसिस नंबर घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधावे, किंवा त्याच्या ग्राहक-सेवेस दूरध्वनी करावा. घरातील शाळेत जाणारी मुलेही हे काम पाच मिनिटांत करून देतील.

काम देताना व घेताना

आमच्या मते ह्या सर्व प्रकरणात शेतकऱ्याची कमजोरी एकच असते. ती म्हणजे सर्व व्यवहार तोंडी झालेला असतो. बोललेले वाऱ्यावर जाते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

ट्रॅक्टर शोरूममध्ये सोडण्यापूर्वी जॉबकार्ड करून घ्यावे. त्यावर तारीख, मीटरवरील तास व तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली असावी, आणि "काम हमीखाली" किंवा "काम रिकॉलखाली" हे शब्द स्पष्ट असावेत. काम हमीत बसत नाही असे विक्रेत्याचे म्हणणे असेल, तर पुस्तिकेतील कोणत्या अटीने बसत नाही ते त्याच कार्डावर लिहून मागावे. ह्याची प्रत घेतल्यावाचून शोरूम सोडू नये.

मेकॅनिक शेतावर आला तर तेथेही हाच नियम. पांढऱ्या चिठ्ठीवर लिहिलेली रक्कम देऊ नये. वस्तू वा सेवा दिल्यावर बिल न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथेतच मोडतो.

ज्या भागाचे पैसे तुम्ही दिले तो जुना भाग मागून घ्यावा. ही युक्ती साधी असली तरी फार उपयोगी आहे. हमीच्या दाव्यासाठी निकामी भाग निर्मात्याकडे परत पाठवावा लागतो. तेव्हा तुमच्याकडून पैसे घेऊन वर "जुना भाग कंपनीला पाठवायचा आहे" असे कोणी सांगितले, तर त्यास विचारावे: कशासाठी? कंपनीकडे भाग जातो आहे तर हमीचा दावाही जात असला पाहिजे. एवढ्यावरून लबाडी शाबीत होत नाही, पण प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.

काम अडले आहे आणि पैसे भरल्यावाचून ट्रॅक्टर मिळत नाही, असा प्रसंग आल्यास पैसे भरावे. हंगाम घालवू नये. मात्र बिलाच्या दोन्ही प्रतींवर "हरकत राखून भरले" असे लिहून सही करावी. निमूटपणे पैसे भरणे म्हणजे मागणी कबूल करणे, असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो.

मग आठ दिवसांच्या आत विक्रेत्यास पत्र लिहावे आणि त्याची प्रत निर्मात्यास पाठवावी. मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

"माझा ट्रॅक्टर, चेसिस क्रमांक अमुक, खरेदीची तारीख अमुक, अमुक तारखेस अमुक तासांवर आपल्याकडे दुरुस्तीस दिला. जॉबकार्ड क्रमांक अमुक. सदर बिघाड हमीच्या मुदतीत झाला असता आपण बिल क्रमांक अमुक अन्वये अमुक रुपये घेतले. ही रक्कम मी हरकत राखून भरली आहे. सदर भाग हमीच्या कोणत्या अटीने वगळला आहे, तसेच ह्या कामाबद्दल आपण निर्मात्याकडे मागणी केली आहे काय, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा रक्कम परत करावी. न केल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे व पोच जपून ठेवावी.

दाद कोठे मागावी

पत्राने काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. तेथे मराठीतही तक्रार सांगता येते. तेथून कंपनीस कळवले जाते व पुष्कळ लहान तक्रारी तेथेच निकाली निघतात.

तेथेही न्याय मिळाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असलेली तक्रार तेथे चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही. पाच ते दहा लाखांस दोनशे रुपये आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याच्या वा कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. ई-जागृती ह्या शासकीय संकेतस्थळावरूनही ती दाखल होते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे.

कित्येक विक्रेते असा आक्षेप घेतात की, ट्रॅक्टर हे धंद्याचे यंत्र असल्यामुळे शेतकरी हा ग्राहकच नव्हे. हा आक्षेप टिकणारा नाही. स्वयंरोजगाराने आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणाची ठरत नाही, असे कायद्याच्या व्याख्येतच आहे. बियाण्याच्या एका गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी हा ग्राहक आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तथापि, पाच-सात ट्रॅक्टर चालक ठेवून भाड्याने फिरवण्याचाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्याबाबत वाद निघू शकतो, हे लक्षात ठेवावे.

तक्रारीत विक्रेता व निर्माता ह्या दोघांसही पक्ष करावे. आणि निर्मात्यास आधी पत्र गेलेले असावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ह्याचे कारण गोव्यातील एका ग्राहकाच्या खटल्यात दिसते. त्याने २०११ साली बनलेल्या मोटारीचे पैसे दिले असता विक्रेत्याने २००९ साली बनलेली मोटार त्याच्या गळ्यात मारली. त्यावर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, विक्रेता व निर्माता ह्यांचा करार दोन स्वतंत्र धन्यांमधील करारासारखा असेल, आणि विक्रेत्याचे कृत्य निर्मात्यास ठाऊक होते असे दिसत नसेल, तर विक्रेत्याच्या लबाडीसाठी निर्मात्यास जबाबदार धरता येत नाही. बनावटीच्या दोषाची गोष्ट वेगळी, तो निर्मात्याचाच. परंतु खोट्या बिलाबद्दल निर्मात्यास उत्तर द्यावयास लावायचे असेल, तर "आम्हांस ठाऊक नव्हते" असे म्हणण्यास त्यास जागा ठेवू नये. तुमच्या पत्राची पोच हीच त्याची माहिती.

शेवटी काय झाले

आरंभी सांगितलेल्या सभासदांकडे जॉबकार्डाची प्रत नव्हती, पण छापील बिल होते. पुस्तिका शोधून काढली तेव्हा झिजेच्या भागांच्या यादीत हायड्रॉलिकचे सील नसल्याचे दिसले. तेल मात्र हमीबाहेर असल्याचे स्पष्ट लिहिले होते. जुना संच त्यांस दिला नव्हता. "तो वर पाठवला" असे मेकॅनिक म्हणाला होता. हे सर्व मुद्दे घालून आम्ही त्यांच्या सहीने वरीलप्रमाणे पत्र लिहिले व प्रत कंपनीस पाठवली. एकोणीस दिवसांनी विक्रेत्याचा माणूस घरी येऊन संचाचे व मजुरीचे मिळून ३,९५० रुपये देऊन गेला. तेलाचे ३,४०० रुपये परत मिळाले नाहीत, आणि ते मागू नयेत असाच आम्ही त्यांस सल्ला दिला होता. जे आपले नाही ते न मागणाऱ्याच्या मागणीस वजन येते.

३,९५० रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या रकमेत सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी येते, आणि हातउसने घेतलेले फेडता येतात. शिवाय ह्या गोष्टीचा एक परिणाम असा झाला की, त्याच गावातील दुसऱ्या एका शेतकऱ्याचा तसाच बिघाड पुढल्या महिन्यात त्याच शोरूममध्ये विनामूल्य दुरुस्त झाला. एकाने लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या कामी आले.

आमची वाचकांस विनंती आहे की, त्यांनी आज संध्याकाळी घरातील ट्रॅक्टर, पिकअप वा मोटारसायकल ह्यांच्या हमीच्या पुस्तिका शोधून काढाव्यात, मुदत कधी संपते ते पहिल्या पानावर लिहून ठेवावे, आणि सर्व्हिसच्या पावत्या त्याच पिशवीत घालाव्यात. गेल्या दोन वर्षांतील एखादे बिल संशयास्पद वाटल्यास ते पुस्तिकेसह आपल्या मंडळाच्या कचेरीत आणावे. आम्ही ते पाहून पत्राचा मसुदा करून देऊ. सातबाऱ्याचा उतारा जो जपून ठेवतो, त्याने लाखो रुपयांच्या यंत्राचे कागद जपू नयेत, हे शोभत नाही.